कोऱ्या भांड्यांचं घर

३ जुलै

तेल संपलं. पत्र्याचा डबा सकाळपासून वाटीवर उलटा धरून ठेवला होता, दुपारपर्यंत जेमतेम पळीभर उतरलं. मग भाकरीच्या तुकड्यानं डबा आतून पुसला आणि तो तुकडा रोहिणीला दिला. "मम्मी, आज भाकरी लई चांगली लागायली." बारा वर्षांची आहे. तिला काही कळत नाही असं मी धरून चालले होते. कळतं तिला. माझं मन राखायला बोलली.

सुंदररावांच्या किराणा दुकानात गेले. आधी ते वाटीभर सुटं तेल द्यायचे. आज म्हणाले, "वैनी, सुटं बंद केलं. पाऊच घ्या." पाऊच घेतला, चहापत्ती परत ठेवली. मोठं घेतलं की स्वस्त पडतं हे मला काय कोणी शिकवायचं — दुकानदाराची बायको आहे मी! पण स्वस्त घ्यायला आधी हातात जास्त लागतं. ज्याच्याकडं नाही त्याला सगळं महागच मिळतं.

दुकानदाराची बायको म्हणे! फेब्रुवारीत रस्ता रुंद केला, गाळ्यांची आख्खी रांग पाडली. त्यात आमचं भांड्यांचं दुकान गेलं. माल घरी आणून टाकला. पुढची खोली छतापर्यंत भरलीय — डबे, घागरी, पराती, पातेली, कळश्या. सगळं कोरं, स्टिकर लावलेलं. आम्ही चौघं मागच्या खोलीत. गावजेवण शिजेल एवढी भांडी घरात, आणि शिजवायला काही नाही.

हे रोज फडकं घेऊन बसतात. पुसलेलंच पुन्हा पुसतात. "गाळा मिळाला की सगळं बसंल." गाळ्याचं डिपॉझिट कुठून आणायचं ते बोलत नाहीत. आमची गल्ली मागं, गिऱ्हाईक काय, कुत्रंसुद्धा चुकून येतं. व्यापारी मोडीच्या भावानं मागतात, की हे पेटतात. आणि घरात एक चमचा वापरायची सोय नाही. "दुकानाचा माल हाय. वापरला की जुना झाला."

मी आपली साड्यांना फॉल लावते. त्यावर चाललंय. चाललंय कसलं!

७ जुलै

सोमवार. आत्याबाईंचा उपास. सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते; त्या आयुष्यभर सोमवार धरतात, पण आता उपास परवडत नाही — भगर, शेंगदाणे, सैंधव मीठ! त्यापेक्षा भाकरी स्वस्त. त्याच म्हणाल्या, "आता नुस्तं पानी पिऊन करते मी. लई पुण्य लागतं त्याचं."

११ जुलै

बाजार उठायच्या वेळेला गेले. बायका पाल गुंडाळायला लागल्या की भाव पडतो. वांगी किडकी होती, पण किडलेलं तेवढं काढलं की बाकी चांगलं. टोमॅटो मऊ. मेथीच्या जुड्यांचा ढीग एकीनं उचलून माझ्या पिशवीत कोंबला — "ने बाई, म्हशीला तरी घाल." मी म्हणाले, "हो, म्हशीलाच."

अंगाच्या साबणाची वडी दोऱ्यानं चार तुकडे करून ठेवली. अख्खी वडी ओली राहते नि विरघळते. डाळ आधी गरम पाण्यात झाकून ठेवते, गॅस निम्मा लागतो. सगळं कळतं मला. अजून किती कळायला पाहिजे?

१३ जुलै

संगीताताईचा फोन आला. ह्यांची धाकटी बहीण, बार्शीला दिलेली. खताचं दुकान, दुमजली घर. "आई, यंदा पंचमीला येते. अक्कूला घेऊन. राहते चार-आठ दिवस." चार वर्षांत पंचमीला आली नाही ती.

आत्याबाई फोनवर हसत होत्या. फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिल्या. मग मला जवळ बोलावलं. "रुद्राणी, तिला काई कळू द्यायचं न्हाई."

"आत्याबाई, दुकान पडल्याचं तर माहीत हाय की त्यांना."

"म्या सांगितलंय, नवा गाळा घेतला, पयल्यापरीस मोठा. धंदा जोरात हाय." माझ्याकडं न बघता बोलल्या. "माज्या लेकीनं भरल्या घरात आलं पायजे. बस."

भरलं घर! पुढची खोली दाखवा म्हणावं.

मला राग आला आहे. लेकीपुढं मोठेपणा, आणि तो उभा करायचा मी. दिंड करायचे तर हरभरा डाळ, गूळ, कणीक. चार-आठ दिवस दोन वेळचं. जाताना साडी. अक्कूला ड्रेस. कुठून? कुठून आणू मी?

१६ जुलै

एक गोष्ट केली.

ताराबाई शेळीचं दूध घालायला आलती. डोंगराकडच्या वस्तीवर राहते, शेळ्या-मेंढ्या आहेत. दूध कधीचं बंद केलंय आम्ही, तरी येता-जाता टेकते. दार उघडं होतं, तिला पुढची खोली दिसली.

"या बया! कावून गं एवढ्या घागरी? नळाला तर पानी न्हाई."

सांगितलं सगळं. ती एका पातेल्यावरून हात फिरवत राहिली. "मला असलं एक पायजे व्हतं. पैसा न्हाई माज्याकडं. ज्वारी हाय घरची."

हे बाहेर गेलते. मी पातेलं पदराखाली धरून तिच्या हातात दिलं. संध्याकाळी तिनं टोपल्यात ज्वारी आणून ओतली. चांगली टपोरी, मोत्यासारखी. किती महिन्यांनी पोटभर भाकरी थापल्या मी! रोहिणीनं खाताना मान वर केली नाही.

हे जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत गेले. बराच वेळ आवाज. मग दारात येऊन — "एक पातेलं दिसंना."

"मागं गेलं आसंल."

आयुष्यात पहिल्यांदा ह्यांच्याशी धडधडीत खोटं बोलले.

२० जुलै

गेले. ताराबाईच्या वस्तीवर, बोचकं बांधून. दोन कळश्या, डबे, एक परात. ह्यांना सांगितलं, फॉलच्या साड्या पोचवायला जाते.

लिंबाखाली बोचकं सोडलं तर पोरं ओरडली — "बोहारीण आलीऽ बोहारीण!" माझे कान तापले. मी म्हणणार होते, बोहारीण न्हाई रे, दुकान होतं आमचं रोडला. कोणाला सांगायचं? जुनी लुगडी घेऊन एक म्हातारी आली सुद्धा. तिला परत पाठवलं. मग बायका जमल्या. ताराबाई जवळ बसून होती. "वाजवून बघा गं. पत्रा न्हाई, जाड हाय." तीच विकत होती, मी नुसती बसलेली.

मटकी मिळाली, हरभऱ्याची डाळ, शेंगा, गुळाची अर्धी ढेप. एकीनं लोणी दिलं केळीच्या पानात. येताना वझं जाताना होतं त्याहून जड. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

फाट्यावर मुंजाजी भेटले. ह्यांचे मित्र, रिक्षा चालवतात. बोचक्याकडं बघितलं. काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

२१ जुलै

कळलं ह्यांना, मुंजाजींकडून.

ओरडले असते तर बरं. आवाज न चढवता बोलले — "मला बोहारनीचा नवरा केलंस तू."

मी म्हणाले, "पोरगी उपाशी होती."

"भांडी मोडून खाल्ली, मंग गाळा मिळाल्यावर काय मांडायचं? तुला मांडायचं?"

"गाळा कुठाय? कुठाय गाळा, दावा मला!"

हे मला बोलायला नको होतं. ह्यांचा चेहरा असा झाला — जणू रस्त्यावाल्यांनी पाडलं तेव्हा नाही पडलं दुकान, मी आत्ता पाडलं.

२३ जुलै

हे त्या ज्वारीची भाकरी खात नाहीत. दुसरा दिवस. आत्याबाई ताट घेऊन गेल्या. "बसू, लेकरा, ज्वारीला कळतंय का ती कोनाच्या हातानं आली?" ताट तसंच परत.

२४ जुलै

सकाळी रोहिणी कानात सांगून गेली — पप्पा स्वयंपाकघरात उभ्यानं कोरी भाकरी खात होते. पाठ करून. "मी बघितलं म्हनून सांगू नको त्यांना."

नाही सांगणार.

२६ जुलै

आज डबे भरले. म्हणजे असे: बुडाशी वर्तमानपत्र चुरगाळून दाबून बसवायचं, वर कागदाची चकती, तिच्यावर चार बोटं तांदूळ. दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात शेंगदाणे. आत्याबाईंची युक्ती. झाकण काढलं की काठोकाठ! आम्ही दोघी जमिनीवर बसून हे करत होतो. एकदम मला हसू आलं. आत्याबाईंनाही. दोघी तोंडाला पदर लावून हसलो, आणि मग त्या रडायला लागल्या. मी कागद चुरगाळत राहिले.

२७ जुलै

संगीताताई आली. एक मोठी बॅग, एक पिशवी. वाळलीय. "डायट करते," म्हणाली. बार्शीकडच्या बायकांचं काय सांगावं! अक्कू चार वर्षांची, डोळे मोठे. आली ती थेट माझ्या परातीजवळ बसली.

ह्यांनी "कशी हायस संगे" विचारलं आणि लगेच बाहेर गेले. "नव्या दुकानात गेलाय," आत्याबाई.

२९ जुलै

पंचमी. आज तवा ठेवायचा नाही, तळायचं नाही, चिरायचं नाही — तेल वाचलं. नागोबाच पावला म्हणायचा! पुरणाचे दिंड उकडले. वस्तीवरचं लोणी कढवून तूप केलं, थेंब-थेंब वाढलं.

अक्कूनं दिंडावर दिंड खाल्ले. तिच्या आईनंही. मी स्वतःसाठी झाकून ठेवलेला होता तोही गेला. मोठ्या घरची माणसं अशी कशी हावरी? कासारीण आली तर संगीताताई बांगड्या भरायला बसेना. "नको, हायत हातात." होत्या खऱ्या, प्लास्टिकच्या. झोक्यावर गेली नाही, मैत्रिणींकडं गेली नाही. दिवसभर घरात.

आणि एक झालं. संध्याकाळी मी गल्लीतून आले तर ती स्वयंपाकघरात तांदूळ काढत होती. हात आत गेला आणि थांबला. कागद वाजला. मी दारात, तिची पाठ माझ्याकडं. तिनं वरचे तांदूळ हातानं नीट सारखे केले, झाकण लावलं आणि अक्कूला म्हणाली, "आज आपल्याला भात नको हां. पोट भरलंय."

आता ती बार्शीला जाऊन सासरी सांगणार. हसतील.

१ ऑगस्ट

जात नाही. पंचमी झाली, जायला पाहिजे ना? तिला द्यायला माझी न नेसलेली साडी काढून ठेवलीय, ओटीचा नारळही. जायचं नाव नाही.

३ ऑगस्ट

मटकी संपली. ज्वारी तळाला. हे मला बाजूला घेऊन — "ही जानार कदी?" जणू मी बोलावलंय!

आज मी आधी सगळ्यांना वाढलं आणि म्हणाले, मी मघाशीच जेवले. चक्कर आली तेव्हा भिंत धरली. भिंत कसली, डब्यांची चळत. सगळे धाडधाड खाली. रिकाम्या डब्यांचा केवढा आवाज होतो! आख्ख्या गल्लीनं ऐकला.

५ ऑगस्ट

बोलले. मागच्या दारात संगीताताई नि मी धुणं धूत होतो. सगळंच बाहेर आलं. "ताई, दुकान न्हाई. गाळा न्हाई. डब्यात कागदं हायत. आमी खातो ते बोचक्यावर मिळवलेलं. तुमी श्रीमंत घरच्या, तुमाला काय—"

"मला पयल्या दिवशीच कळलं, वैनी."

"मंग जात कावून न्हाई?"

पिळलेला कपडा तिनं पुन्हा पाण्यात सोडला. "जायला घर पायजे की."

नवऱ्यानं घरात दुसरी बाई आणलीय. वर्ष झालं. ह्या मायलेकींना मागच्या पडवीत टाकलं होतं, उरलंसुरलं द्यायचे. पंचमी आली तशी बसस्टँडवर आणून सोडलं — "सणाला जा, आन् तिकडंच ऱ्हा." सांगताना ती रडली नाही. "आईला सांगू नका. ती मरंल."

मला कीव यायला पाहिजे होती. आली नाही. लिहिते आहे तसंच लिहिते — माझ्या मनात पहिलं आलं ते पीठ. दोन माणसं वाढली, कायमची, आणि पीठ किती. मी म्हणाले, "ताई, आमच्यानं न्हाई व्हनार. तुमी परत जा. तुमचा हक्क हाय त्या घरावर, भांडा तिथं."

"बरं," म्हणाली. एवढंच. बरं.

६ ऑगस्ट

स्टँडवर मीच घेऊन गेले. आत्याबाईंनी दारात ओटी भरली तिची. माझी साडी तिच्या पिशवीत. अक्कूनं विचारलं, "मामी, तिकडं जेवायला हाय का?" मी म्हणाले, हाय. तिची आई दुसरीकडं बघत होती.

बाकड्यावर बसलो. अक्कू मधे. बार्शीची गाडी लागली. कंडक्टर ओरडला, माणसं चढली. संगीताताई उठली नाही. मी तिला उठ म्हणायला पाहिजे होतं. बॅगेचा पट्टा माझ्या हातात होता. मीसुद्धा उठले नाही. दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. कंडक्टरनं पुन्हा विचारलं, "बार्शी का?" दार आपटलं. गाडी गेली.

मग अक्कूला मी कडेवर घेतलं. किती हलकी आहे ती!

आत्याबाई अजून उंबऱ्यातच उभ्या होत्या. मी म्हणाले, "गाडी चुकली."

"चुकली तर चुकली," आत्याबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन पाणी आणलं.

७ ऑगस्ट

दुपारी संगीताताई आणि पोरी झोपल्यावर आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलेलं.

"रुद्राणी, मला ठावं हाय."

"काय?"

"फोनवरच कळलं मला. 'चार-आठ दिवस' म्हनली, तवाच. माज्या लेकीचा आवाज वळकत न्हाई व्हय मी?"

मग ते डबे? तो गाळा? ते सगळं कशाला केलं?

"इथंबी काई न्हाई म्हनून तिला कळलं आसतं तर ती आलीच नसती गं. कुठं गेली आसती? पोरगी घेऊन हिरीवर गेली आसती." मुठीतलं लिंग कपाळाला लावलं. "भरलं घर दिसू दे म्हनलं. एकदा उंबऱ्याच्या आत येऊ दे. मंग मारा मला."

आणि मी म्हणत होते, म्हातारीला मोठेपणा पाहिजे.

ह्या खोलीच्या दारात हे उभे होते. कधीपासून, माहीत नाही. आम्ही बघितल्यावर पुढच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

८ ऑगस्ट

हे बोलत नाहीत. जेवले नाहीत. आत नुसता भांड्यांचा आवाज. मला भीती वाटते आहे. दोनदा दार वाजवलं. "हाय मी," एवढंच म्हणाले.

९ ऑगस्ट

राखी. संगीताताईनं फॉलच्या रिळातला लाल दोरा पिळून बांधला. ओवाळणीला ह्यांच्याकडं काही नव्हतं. उठले, पुढची खोली उघडली — घागरी, डबे, पराती, दोन बोचक्यांत नीट बांधून ठेवलेलं. स्टिकर काढलेले. एक स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "संगे, दुसरं तू घे. माप बघून घ्यायचं, दुकानदाराची पोर हायस." माझ्याकडं वळून — "तू आज झोप."

मी दारात उभी राहिले. गल्लीच्या वळणाशी दोघं दिसेनाशी झाली. मग ह्यांचा आवाज आला — "भांडीऽ घ्या भांडी!" आधी बारीक. मग मोठ्यानं.